एकाच कलमातील दोन हक्क : दिव्यांग साहाय्य आणि पुन्हा सुरू होणारे शिक्षण

स्मरणिकेसाठी लिहावयाचे म्हटले की लेखणी आपोआप यशस्वी माजी विद्यार्थ्यांकडे वळते. कोणी अधिकारी झाला, कोणी परिचारिका झाली, कोणी प्राध्यापक झाला. त्या नावांचा आम्हांला अभिमान आहेच. परंतु या वेळी आम्ही अशा एका विद्यार्थ्याविषयी लिहिणार आहोत, ज्याचे शिक्षण तीन वर्षे अडून राहिले आणि ते अडण्यात आमचाही वाटा होता. त्याच्या संमतीने, पण त्याचे नाव न देता, हे लिहीत आहोत. उद्देश एवढाच की ज्या गैरसमजामुळे त्याची तीन वर्षे गेली, त्यामुळे आपल्या समाजातील आणखी एकाही मुलाचे वर्ष जाऊ नये.

हा मुलगा पाचवीपासून आपल्या वसतिगृहात होता. बारावीनंतर त्याने बी. ए. ला प्रवेश घेतला. दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीनच्या मळणीवर मजुरीला गेला असता यंत्रात त्याचा उजवा हात गेला. पुढचे वर्ष दवाखान्यात आणि कागदपत्रांत सरले. दिव्यांग प्रमाणपत्र मिळाले, त्यानंतर संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मदत सुरू झाली. आपल्याकडे या मदतीला कोणी अनुदान म्हणत नाही, ‘पगार’ म्हणतात. ‘निराधारचा पगार चालू झाला का?’ हा गावोगावचा नेहमीचा प्रश्न आहे.

मदत सुरू झाल्यावर मुलाला पुन्हा महाविद्यालयाची ओढ लागली. पण गावच्या पारावर कोणीतरी सांगितले की कॉलेजात नाव घातले की पगार कापतात. त्याची आई आमच्याकडे आली. म्हणाली, ‘सर, पोराचं नाव घातलं अन् पगार बंद पडला तर? शिकून नोकरी लागंल का नाही ते माहीत नाही, हातातलं मात्र जाईल.’ आम्ही इतिहासाचे पदव्युत्तर पदवीधर आणि तीस वर्षांचे शिक्षक. एखादा शासन निर्णय मिळवून वाचणे आम्हांला अवघड नव्हते. तरी आम्ही न वाचताच उत्तर दिले, ‘घाई करू नका. चालू आहे ते जाऊ देऊ नका. कॉलेजचे नंतर बघू.’ ते ‘नंतर’ तीन वर्षांनी आले.

योजनेच्या अटी काय सांगतात?

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून सुरू आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी तिच्या मुख्य अटी अशा : वय १८ ते ६५ वर्षे, दिव्यांगत्व किमान ४० टक्के, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत जातो आणि मंजुरीनंतर रक्कम लाभार्थ्याच्या बँक खात्यावर जमा होते. ही रक्कम २०१९ मध्ये ६०० रुपयांवरून १,००० रुपये झाली, जुलै २०२३ पासून १,५०० रुपये झाली आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये झाली. ज्यांचे दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून अधिक आहे व जे दारिद्र्यरेषेखाली आहेत, त्यांच्यासाठी केंद्र शासनाची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनाही २००९ पासून आहे.

आता या अटी पुन्हा एकदा वाचाव्यात. त्यांत वय आहे, दिव्यांगत्वाचे प्रमाण आहे, वास्तव्य आहे, उत्पन्न आहे. लाभार्थी शिकत नसावा, अशी अट त्यांत नाही. महाविद्यालयात नाव असणे हे अपात्रतेचे कारण नाही. पारावरची गोष्ट खोटी होती आणि आमचे उत्तर निष्काळजीपणाचे होते.

मग मदत बंद कशाने पडते? आमच्या पाहण्यात आलेली कारणे निराळीच आहेत. वर्षातून एकदा द्यावयाचा हयातीचा दाखला वेळेवर दिला जात नाही. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते. आधार बँक खात्याशी जोडलेले नसते किंवा खाते निष्क्रिय होते. दिव्यांग प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते व नूतनीकरण राहून जाते. शिकण्यासाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथे राहावयास गेलेल्या मुलांच्या बाबतीत हे अधिक घडते. गावात निरोप येतो, मुलगा शहरात असतो, तारीख निघून जाते आणि दोन महिन्यांनी पैसे आले नाहीत की गाव म्हणते, ‘बघा, कॉलेजला गेला म्हणून पगार बंद झाला.’ अफवेचा जन्म बहुधा असाच होत असावा. म्हणून घर सोडण्यापूर्वी या चार गोष्टींच्या तारखा एका वहीत लिहून ती वही आईवडिलांपाशी ठेवावी.

शिष्यवृत्ती आणि अनुदान : दोन्ही घेता येतात का?

हा दुसरा प्रश्न पालक नेहमी विचारतात. निर्वाहासाठी मिळणारे अनुदान ही एक गोष्ट आणि शिक्षणासाठी मिळणारी शिष्यवृत्ती ही दुसरी गोष्ट. एक जगण्यासाठी आहे, दुसरी शिकण्यासाठी. अनुदानासाठी उत्पन्न पाहिले जाते ते शेती, मजुरी, नोकरी, धंदा यांचे. शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती ही कमाई नव्हे. आयकराचा कायदाही अशा शिष्यवृत्तीवर कर लावत नाही. त्यामुळे अनुदान चालू असताना शिष्यवृत्तीचा अर्ज करण्यास भिण्याचे कारण नाही.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे, ती म्हणजे दोन शिष्यवृत्त्या एकाच वेळी घेण्यात. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ती अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत मिळते, त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते आणि पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. आपला मुलगा दोन्हींना पात्र असू शकतो, परंतु एका वर्षात यांतील एकच घ्यावी लागते. तेव्हा आपल्या अभ्यासक्रमाचे शुल्क किती, वसतिगृहात राहणार की घरून जाणार, हे पाहून कोणती अधिक उपयोगाची ते ठरवावे. सायबर कॅफेतील मुलगा जो अर्ज उघडील तो भरून मोकळे होऊ नये. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात दिव्यांग विद्यार्थ्यांना गुणांच्या अटीत सवलत आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

या शिष्यवृत्तीचा इतिहास आपल्या मुलांना सांगितला पाहिजे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची ही योजना १९४४ सालची आहे. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. देश स्वतंत्र होण्याच्या आधी, महायुद्ध चालू असताना, शासनाच्या तिजोरीतून आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी तरतूद झाली. ही तरतूद कोणाच्या दयेतून आलेली नव्हती.

खंड पडणे म्हणजे संपणे नव्हे

ज्या मुलाचे शिक्षण अपघाताने किंवा आजाराने थांबते, त्याच्या मनात लाज घर करते. आपल्यापेक्षा लहान मुलांबरोबर बसावे लागेल, लोक काय म्हणतील, असे त्याला वाटते. अशा वेळी आम्ही बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रकरण सांगतो. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. बडोद्यात त्यांना काय सोसावे लागले हे आपण जाणतोच. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, पैसे साठवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्यासाठी स्वतःची बचत होती, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज होते. १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. पदवी मिळाली.

या प्रकरणाकडे आपण जिद्दीचे उदाहरण म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक धडा आहे. खंड पडला तेव्हा त्यांनी परतीची परवानगी मागून घेतली आणि परतताना जी मदत मिळू शकत होती ती संकोच न करता घेतली. शिष्यवृत्ती घेतल्याने बाबासाहेब लहान झाले नाहीत. मग २,५०० रुपये घेणारा आपला मुलगा लहान कसा होईल?

बौद्ध परंपरेतही असे एक नाव आहे. कौशांबीच्या राजवाड्यातील खुज्जुत्तरा ही पाठीला कुबड असलेली दासी होती. ती तथागतांचा उपदेश ऐकून येई आणि राणी सामावती व राजवाड्यातील स्त्रियांना तो जसाच्या तसा सांगे. बहुश्रुत उपासिकांमध्ये तथागतांनी तिला अग्रस्थान दिले. ‘इतिवुत्तक’ हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आपल्यापर्यंत आला, असे परंपरा मानते. अपंगत्व आणि दास्य ही दोन्ही ओझी असलेल्या स्त्रीला धम्माने विद्येचा मान दिला. तिच्या जन्माची वा शरीराची कोणतीही अट घातली नाही.

कायदा काय देतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, नव्या कायद्यात २१ आहेत. सिकल सेल, थॅलेसेमिया, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, ॲसिड हल्ल्याने आलेली विकलांगता यांचा त्यांत समावेश आहे. आपल्या मुलाचा आजार या यादीत येतो हेच पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. म्हणून शंका असली तरी जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणी करून घ्यावी व वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढून घ्यावे. पुढची बहुतेक दारे त्या एका क्रमांकाने उघडतात.

पुन्हा शिकू इच्छिणाऱ्यासाठी या कायद्यातील तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली, कलम ३२ : शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि प्रवेशाच्या कमाल वयात ५ वर्षांची सूट आहे. ही वयाची सूट ज्यांचे शिक्षण खंडित झाले त्यांना अतिशय उपयोगी पडते. दुसरी, कलम १६ व १७ : शिक्षण संस्थेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत वापरण्याजोगी करावी, विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी, परीक्षेत लेखनिक व जादा वेळ द्यावा. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा जादा वेळ तासाला किमान २० मिनिटे आहे. तिसरी, कलम २४ : दिव्यांगांना मिळणारे सामाजिक साहाय्य तशाच इतर योजनांच्या लाभार्थ्यांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावे. कारण उघड आहे. दोन हात असलेल्याला जे फुकट करता येते, त्यासाठी आमच्या विद्यार्थ्याला पैसे मोजावे लागतात.

न्यायालयानेही या कायद्याचा अर्थ विस्तारला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे एवढ्याच कारणाने गरजू परीक्षार्थ्याला लेखनिक नाकारता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की वैद्यकीय शिक्षणाला अपात्र ठरवण्यास केवळ टक्केवारीचा आकडा पुरेसा नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो की नाही, हे तपासले पाहिजे. आकड्याकडून माणसाकडे पाहण्याचा हा प्रवास आहे.

कागदावरचा हक्क आणि खिडकीवरचा अनुभव

तीन वर्षांनी आम्ही शासन निर्णय मिळवून वाचला, त्या आईला बोलावले आणि आमची चूक सांगितली. मुलाने पुन्हा प्रवेश घेतला. खंड पडल्याबद्दल शपथपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, बारावीचे गुणपत्रक, जातीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, यूडीआयडी कार्ड, आधारशी जोडलेले बँक पासबुक, असा कागदांचा गठ्ठा तयार केला. अनुदान चालूच राहिले, एकही महिना खंडित झाले नाही.

अडचण आली ती परीक्षेच्या वेळी. महाविद्यालयाच्या कार्यालयात त्याला सांगण्यात आले की लेखनिक फक्त अंधांना मिळतो. मुलगा डाव्या हाताने लिहायला शिकत होता, पण तीन तासांत त्याची अर्धी उत्तरपत्रिकाही होत नव्हती. तो गप्प बसून परत आला असता. या वेळी आम्ही न वाचता बोललो नाही. कलम १७ चा उल्लेख करून प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली. आठ दिवसांत लेखनिक मिळाला. यात कोणाचा दुष्टपणा होता असे आम्ही म्हणणार नाही, अज्ञान होते. पण अज्ञानाचा भुर्दंड नेहमी समोर उभ्या असलेल्या गरिबालाच बसतो. म्हणून सर्वांना आमचे सांगणे आहे की तोंडी विचारले की तोंडी नकार मिळतो. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. दाद मिळाली नाही तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

ज्यांना रोज महाविद्यालयात जाणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तेथे प्रवेश घेताना आपल्याला कोणती शिष्यवृत्ती लागू होते हे आधी विचारून घ्यावे. जे रोज जाऊ शकतात त्यांनी एस. टी. च्या प्रवासभाड्यातील ७५ टक्के सवलत विसरू नये. अंबड, मंठा किंवा भोकरदनहून जालन्याला रोज ये-जा करणाऱ्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारणे हा आपला अधिकार आहे.

योजनेत दोष नाहीत असे नव्हे. वार्षिक ५०,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा आजच्या काळात फारच तोकडी आहे. घरातील दोन माणसे मजुरीला गेली तरी ती ओलांडली जाते. धाकटा भाऊ कामाला लागला म्हणून थोरल्या दिव्यांग भावाचे साहाय्य जाणार असेल, तर कुटुंबाला गरीब राहण्याचेच बक्षीस मिळते. ही मर्यादा वाढावी यासाठी आपल्या संघटनांनी आवाज उठवला पाहिजे. विद्यार्थ्याला पुढे स्वतःची नोकरी लागली आणि उत्पन्न मर्यादेबाहेर गेले तर अनुदान थांबेल. ते थांबणे रास्त आहे. त्या दिवशी घरात खरा पगार आलेला असेल.

शेवटी

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील दिव्यांगांपैकी साधारण ५५ टक्केच साक्षर होते. दलित समाजाला अक्षर नाकारले गेले त्या इतिहासाविषयी आम्ही वर्गात तळमळीने बोलतो. पण आपल्याच घरातील, आपल्याच वसतिगृहातील दिव्यांग मुलाला ‘तुला पगार आहे ना, आता कशाला शिकतोस’ असे म्हणताना आपण तेच करत असतो, हे आमच्या उशिरा ध्यानात आले.

भारतीय संविधानाचे ४१ वे कलम आम्ही कितीतरी वर्षे शिकवत आलो. राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार काम, शिक्षण आणि बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क सुरक्षित करावा, असा त्याचा आशय आहे. परीक्षेत पाच गुणांसाठी विचारले जाणारे हे कलम आम्ही त्या प्रसंगानंतर पुन्हा वाचले. शिक्षण आणि विकलांगतेतील साहाय्य हे दोन हक्क त्यात शेजारी शेजारी, एकाच वाक्यात लिहिलेले आहेत. एक घेतला तर दुसरा सोडावा लागेल, असे त्यात कोठेही नाही. ज्यांनी ते संविधान घडवले त्यांच्या नावाने चालणाऱ्या चळवळीतील शिक्षकाने तरी ते वेगळे करावयास नको होते.

तो विद्यार्थी आता बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी शाळेत आला होता. बोलता बोलता म्हणाला, ‘सर, तेव्हा तुम्ही वाचून सांगितलं असतं तर आज मी एम. ए. ला असतो.’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आमच्याकडे उत्तर नव्हते. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे : आपल्या गावात, आपल्या नात्यात असे एखादे मूल घरी बसलेले असेल तर त्याची चौकशी करा. त्याच्या वतीने अटी स्वतः वाचा, वाचता येत नसतील तर शाळेत या. आपण एकत्र बसून वाचू. न वाचता मात्र कोणाला काही सांगू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!